भाव कळणे आणि भाव मिळणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या हिंगणघाटात कापसाच्या बाबतीत दोन क्रियापदे चालतात. एक भाव कळणे आणि दुसरे भाव मिळणे. बाहेरगावचा माणूस ही दोन्ही एकाच अर्थाने वापरून मोकळा होतो. कास्तकार तसे कधी करत नाही. 'भाव तर कळला होता गा, पण मिळाला नाही,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझे वडील एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. बंडी काट्यावर चढली की वजनाआधी हेच बोलणे निघायचे.

गेल्या दीडशे वर्षांत तार आली, टेलिफोन आला, एस.टी.डी.चे बूथ आले नि गेले, मोबाइल आला आणि आता तर बोलण्याला जवळजवळ पैसेच पडत नाहीत. या सगळ्या यंत्रांनी त्या दोन क्रियापदांमधले अंतर किती कमी केले, हे आज वर्धा जिल्ह्यात उभे राहून पाहायचे आहे. मी अर्थशास्त्री नाही. बी.ए.ला तो एक विषय होता, इतकेच. मी कविता लिहितो. पण तार खाते शब्द मोजून पैसे घेत असे, आणि शब्द मोजून खर्च करण्याचा धंदा माझाही आहे. तेवढ्या हक्काने बोलतो.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरमधून वेगळा काढण्यात आला. वर्धा शहर तर त्याहून लहान. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी ते वसवले गेले. ही साले ध्यानात ठेवा, कारण याच सुमारास साता समुद्रापलीकडे एक युद्ध पेटलेले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्रजांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस देशी कापसात चांगला समजला जाई. तो तोपर्यंत बंड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून जात होता. मुंबई-नागपूर रेल्वे आमच्या जिल्ह्यातून धावू लागली ती १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षे झाल्यावर.

त्या चार वर्षांत मुंबईत कापसावर अमाप पैसा झाला. त्या काळचा मोठा सटोडिया म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्याच्याविषयी असे सांगतात की, विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदराला लागण्याआधीच त्याची माणसे होड्या घेऊन समुद्रात जात आणि लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी घेऊन येत. डाक यायला सुमारे महिना लागायचा. म्हणजे जो भाव हाती यायचा तो महिन्याभराचा शिळाच असे. तरी दोन-चार तास आधी कळलेला शिळा भाव लाखो रुपयांचा होता! बातमीची किंमत ती किती ताजी आहे यावर नव्हती, शेजाऱ्याच्या आधी कळण्यावर होती. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढे यंत्रे बदलली तरी ती बदलली नाही.

आमच्या कास्तकाराला मात्र यातले काय कळत होते? अडत्या सांगेल ते. आणि अडत्याच बहुधा सावकारही होता. पेरणीच्या आधी घेतलेल्या पैशाच्या मोबदल्यात पीक त्याच्याच दारात टाकायचे हे ठरलेले असे. समजा प्रेमचंदाची होडी थेट वणा नदीतून हिंगणघाटच्या घाटाला लागली असती, तरी त्या माणसाने काय केले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. प्रेमचंदाचेही दिवाळे निघाले. ते सगळे इतिहासात लिहिलेले आहे. इकडे चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून बसलेल्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

तार आपल्याकडे त्याआधीच आलेली होती. ओ'शॉनेसी नावाच्या एका डॉक्टराने कलकत्त्याजवळ तिचे प्रयोग केले, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत ती सामान्य लोकांसाठी खुली झाली. चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया असा दर होता. सामान्य लोकांसाठी खुली, असे म्हणायचे इतकेच; मजुराची महिन्याची कमाई चार-पाच रुपये असण्याचे ते दिवस. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून तारेची केबल टाकून हिंदुस्थान युरोपला जोडला गेला, तेव्हा इंग्लंडला वीस शब्दांना पाच पौंड पडत. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पन्नास रुपये. १८७० मध्ये समुद्रातून थेट मुंबईपर्यंत केबल आली आणि पुढे दर उतरत गेले.

आता तार खात्याचे गणित पाहा. समुद्राच्या तळाशी हजारो मैल तांब्याची तार टाकायला अफाट पैसा लागतो. एकदा ती पडली की तिच्यातून एक शब्द गेला काय नि शंभर गेले काय, वरकड खर्च जवळपास तेवढाच. मग तो अफाट पैसा वसूल कोणाकडून करायचा? ज्याला बातमीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडून. म्हणजे सरकारकडून आणि व्यापाऱ्याकडून. म्हणून दर चढे ठेवले गेले, आणि चढ्या दरामुळे तार ही पेढीची आणि कचेरीची वस्तू झाली. घरच्या माणसाला तार यायची ती फक्त कुणी गेले तर. माझ्या लहानपणीसुद्धा तारवाला गल्लीत दिसला की बाया आधी रडायला लागत आणि मग तार वाचायला कुणाला तरी बोलावत.

व्यापाऱ्यांनी दरावर तोड काढली. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स अशा विदेशी पेढ्या वऱ्हाड-नागपूरच्या कापूसपेठांत उतरल्या होत्या. अशा मोठ्या पेढ्यांचे स्वतःचे सांकेतिक कोश असत. एका शब्दाचा अर्थ एक अख्खे वाक्य: अमुक प्रतीच्या इतक्या गाठी, अमुक भावाने, अमुक महिन्यात बोटीवर चढवा. पन्नास शब्दांचा मजकूर तीन शब्दांत जायचा. पैसा वाचायचा आणि तारबाबूला काही कळायचे नाही, हा दुसरा फायदा. मी कवी असल्याने मला या कोशांचे भारी कौतुक वाटते. इतकी घट्ट भाषा आम्हाला जमत नाही.

खुद्द तार खात्यानेही पुढे शुभेच्छांसाठी अशीच सोय केली होती. ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. क्रमांक सांगायचा, वाक्य पलीकडे उमटायचे. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक एक आणि ईद मुबारकचा दोन. आमच्या घरी ईदला मामांची तार यायची. त्यांनी आयुष्यात आम्हाला 'दोन' या आकड्याशिवाय दुसरा काही मजकूर पाठवला असेल असे मला आठवत नाही.

आकड्यावरून आठवले. तारेने कापसाचा भाव आणला तसा त्याच्यावरचा जुगारही आणला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ज्यांनी कपाशीचे झाड पाहिलेले नाही अशी माणसे न्यूयॉर्कच्या भावाची वाट पाहत जागत असत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने हे आकडे पाठवणे थांबवले. मग मुंबईत कागदाचे चिटोरे मटक्यात घालून आकडा काढायची रीत पडली, आणि मटका हा शब्द तिथून विदर्भाच्या गल्लीबोळांत पोचला. दूरसंचाराच्या इतिहासात याला एक ओळ तरी द्यायलाच हवी, कारण न्यूयॉर्कचा भाव गरिबाच्या घरी या एकाच रूपाने पोचला.

आमच्या जिल्ह्यातल्या आणखी एका टपाल-तार प्रकरणाचा उल्लेख करतो. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यात मुंबई-नागपूर रेल्वेवर गजानन महाराजांचे शेगाव आहेच. त्यामुळे गांधीजींची डाक तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये आमच्या शेगावचे नाव सेवाग्राम झाले. लोकांना वाटते हे नाव तत्त्वज्ञानातून आले. त्यात तत्त्व आहेच, पण निमित्त चुकलेल्या टपालाचे होते. त्याच सेवाग्रामात एक टेलिफोन आजही जपून ठेवलेला दिसतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून सरकारनेच तो बसवला, असे तिथे सांगतात. ज्या खेड्यात धड रस्ता नव्हता तिथे फोन आधी आला, कारण गरज दिल्लीला होती. फोन कुठे पोचतो हे बरेचदा दुसऱ्या टोकाच्या माणसावर ठरते. हा न्याय तारेलाही लागू होता.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ कास्तकाराला भाव सांगितला तो रेडिओने. १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि बाजारभाव हा आमच्या घरातही बातम्यांइतकाच कान देऊन ऐकण्याचा कार्यक्रम होता. रेडिओचे अर्थशास्त्र तारेच्या उलट. ऐकणारा एक असो की एक लाख, सांगणाऱ्याचा खर्च तोच, आणि ऐकणाऱ्याला शब्दामागे काही पडत नाही. पण १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा आणि भाव सरकारच ठरवणार. भाव सर्वांना एकाच दिवशी कळला, त्यासाठी कुणाला होडी पाठवावी लागली नाही. ही मोठीच गोष्ट होती, आणि आज जे योजनेची केवळ टिंगल करतात त्यांनी त्याआधीचे अडत्याचे दार पाहिलेले नाही. मात्र चुकारे रखडायचे. कापूस मोजून झाला, भाव मान्य झाला, आणि पैशासाठी चकरा सुरू. म्हणजे भाव कळून, मान्य होऊनही मिळायचा बाकी.

आता मी ज्या काळाचा साक्षीदार आहे तिकडे येतो.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात फोन म्हणजे ट्रंक कॉल. नंबर नोंदवा आणि बसा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. लाइटनिंगचा दर साध्याच्या आठपट. घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षे थांबायचे. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहायची पद्धत होती, आणि तो शेजारी गावातला सर्वांत जास्त मान असलेला आणि सर्वांत जास्त वैतागलेला माणूस असे. १९९१ च्या सुमारास साऱ्या देशात टेलिफोन जोडण्या होत्या पन्नास लाखांच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेक शहरांत.

यातून वाट निघाली ती दोन गोष्टींनी. एक, १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. परदेशी एक्स्चेंजना थंड हवेची खोली लागे. वर्ध्याच्या मे महिन्यात ती खोली थंड ठेवायची म्हणजे फोनपेक्षा विजेचाच खर्च जास्त. सी-डॉटने खेड्यांसाठी लहान एक्स्चेंज बनवले, जे धुळीत आणि उन्हात वातानुकूलनाशिवाय चालेल. पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. दुसरी गोष्ट यंत्राची नव्हतीच, हिशेबाची होती. प्रत्येक घरी फोन देणे परवडत नाही ना, मग एक फोन शंभर घरांना द्या. त्यातून निघाले पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ. ते देताना अपंग, विधवा, माजी सैनिक यांना प्राधान्य असे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या देशात दूरसंचारातला सर्वांत अक्कलहुशारीचा शोध हाच. त्यात नवीन यंत्र असे फार नव्हते. एक लाकडी खोके, काच, मीटर आणि एक स्टूल.

बी.ए. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षे मी अशा एका बूथवर रात्री बसत असे. बूथ पोलिओने पाय गेलेल्या एका गृहस्थांचा होता. दिवसा ते बसत, रात्री मी. रात्रीची पाळी महत्त्वाची, कारण दर घड्याळाप्रमाणे बदलायचे. दिवसा पूर्ण, संध्याकाळनंतर अर्धा आणि रात्री उशिरा पाव. १९९९ पूर्वी हजार किलोमीटरपलीकडच्या गावाला दिवसा बोलायचे तर मिनिटाला तीस रुपयांच्या वर जात. आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाईला दिवसभराला तेवढी मजुरी मिळत नव्हती. म्हणून पाव दर सुरू व्हायच्या आधी बूथसमोर रांग लागे. लोक कडेला बसून घड्याळ बघत. लाल आकडे मीटरवर पळायला लागले की माणसाचे डोळे आकड्यांवर आणि तोंड फोनवर. रडणारी बाईसुद्धा मीटर बघत रडायची. रात्री दर कमी का, असे कुणी विचारले तर मी समुद्राच्या तळच्या तारेचेच उत्तर देई: तारा तर टाकून झाल्या आहेत, रात्री त्या रिकाम्या पडतात, रिकाम्या बंडीत कमी भाड्याने माणूस बसवावा तसे. हे उत्तर सर्वांना लगेच पटे.

आणि कापूस? एकाधिकार योजना चालूच होती, पण ज्या वर्षी राज्याबाहेर भाव चढा असे त्या वर्षी सीमेपलीकडे कापूस जाई. तो गुन्हा होता आणि सर्वांना माहीत होता. 'भाई, आदिलाबाद लावून दे नं,' असे सांगत लोक येत. आदिलाबाद तेव्हा आंध्रात. बोलणे असे चाले: 'लग्न कितीला ठरलं?' 'एवढ्याला.' 'वऱ्हाड पाठवू का?' 'उद्या नको, परवा पाठव, नाक्यावर मामा बसलाय.' रॅली ब्रदर्सचा सांकेतिक कोश आमच्या गावाने असा परत तयार केला होता! काचेतून मला सगळे ऐकू येई. रात्रीच्या दहा माणसांत दोघे-तिघे असे 'लग्नवाले' असत. पण नंतर ध्यानात आले की वऱ्हाड पाठवणारी माणसे तीच ती होती. ज्यांच्याकडे मेटॅडोरचे भाडे देण्याइतका पैसा होता, घरात कापूस साठवायला जागा होती आणि पकडले गेलो तर निस्तरण्याची ताकद होती. बूथबाहेर बसून त्यांच्या तोंडून भाव ऐकणारे, आठ-दहा क्विंटलवाले, सकाळी बंडी जुंपून सरकारी केंद्राच्याच रांगेत लागत. बातमी त्यांनाही फुकट मिळाली होती.

मोबाइलची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. कंपन्यांनी परवान्यासाठी अव्वाच्या सव्वा बोली लावल्या होत्या, त्या झेपेनात. १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचे ठरवले. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण धंद्याचे गणित त्याने उलटे केले. आधी थोड्या श्रीमंतांकडून जास्त पैसे काढायचे होते. आता जितकी जास्त माणसे, तितके बरे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. २००९ मध्ये सेकंदावर पैसे घेणारी योजना आली, २०१६ मध्ये जिओ आली आणि बोलण्याचा वेगळा दर असा उरलाच नाही. मधल्या काळात, जुलै २०१३ मध्ये, तार बंद झाली.

यात एक शोध मात्र कुठल्या प्रयोगशाळेने लावलेला नाही: मिस कॉल. फोन उचलला तरच पैसे, हा कंपन्यांचा नियम. मग उचलूच नका! एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर, तीन म्हणजे जेवण ठेव. २००३ नंतर तर हे शास्त्रच झाले. जिनिंगच्या काट्यावर ट्रक लागला की ड्रायव्हर मालकाला एक घंटी द्यायचा. पाच पौंडांना वीस शब्द विकणाऱ्या धंद्याला गरीब माणसाने शून्य पैशात शून्य शब्दांचा निरोप पाठवायला लावले. आता कॉल फुकट झाल्यावर मिस कॉलची गरजही संपली, आणि माझ्या वयाच्या माणसांना ती भाषा विसरायला होते आहे.

पण या काळातले एक साल मला सोडवत नाही. १ मार्च २००६ पासून एका रुपयात मिनिटभर देशात कुठेही बोलता येऊ लागले. त्याच २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. एकाधिकार योजना तोवर गुंडाळली गेली होती आणि अडत्याचे दार पुन्हा उघडले होते. त्या वर्षी आमच्या गावांत सर्वांत स्वस्त वस्तू कुठली होती, तर बातमी.

स्वस्त बातमीने शेतकऱ्याचे भले होते का, याचा शोध अभ्यासकांनीही घेतला. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने केरळातल्या कोळ्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापला. १९९७ ते २००१ या काळात तिकडच्या किनाऱ्यावर मोबाइल पोचला. त्याआधी एका बंदरात मासळी गिऱ्हाईक नाही म्हणून समुद्रात फेकली जाई आणि थोड्या मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात मासळीच नसे. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारून नाव तिकडे वळवता येऊ लागली. मासळी फेकणे थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त झाली. जगभर या अभ्यासाचा गाजावाजा झाला, आणि तो योग्यच होता.

दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. त्याचा गाजावाजा इतका झाला नाही. २००७ पासून रॉयटर्सने इथे शेतकऱ्यांना एस.एम.एस.वर बाजारभाव आणि हवामान कळवणारी सेवा पैसे घेऊन सुरू केली होती. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोघांनी शंभर गावे निवडली, काही शेतकऱ्यांना वर्षभर ती सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि मग दोघांना मिळालेला भाव ताडून पाहिला. २०१२ मध्ये निष्कर्ष छापला: सरासरीने पाहता, एस.एम.एस. मिळणाऱ्यांना भाव जास्त मिळाला असे दिसले नाही. त्यात कापूस नव्हता; कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन, गहू ही पिके होती. तरी तो निष्कर्ष कापसाला लावून पाहावा असे मला वाटते.

कोळ्याची नाव वळते. डिझेल टाकीत आहे, मासळी नावेत आहे, आणि समुद्रात नाका नाही. आमच्या माणसाच्या बंडीला दुसरी पेठ म्हणजे चाळीस किलोमीटर. घरात कापूस ठेवला तर वजन घटते आणि आग लागण्याची भीती. बियाण्याची नि खताची उधारी दुकानदाराकडे, आणि त्या दुकानदाराचा भाऊ खरेदीदार. बँकेचा हप्ता मार्चमध्ये. भाव कळल्यावर थांबता येणे, ही खरी भांडवलाची गोष्ट आहे, आणि ती कुठल्या टॉवरवरून येत नाही. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सरकारने 'वायर्ड व्हिलेज' म्हणून गावोगाव संगणक बसवले होते. लोकांनी त्यांचा उपयोग मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि पैसे पाहायला केला. पुढे तेवढ्यासाठी संगणक कशाला म्हणून साध्या मोबाइलवरच्या एस.एम.एस.ने काम भागवून पाहण्यात आले, आणि भागले. पण तिथे ऊस घ्यायला सहकारी साखर कारखाना होता, आणि आकडा कळल्यावर पैसे कुठून येणार हे ठरलेले होते. यंत्रापेक्षा कारखाना महत्त्वाचा होता, असे माझे मत आहे.

आणि आता. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने आयात कापसावरचे अकरा टक्के शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. ही बातमी आमच्याकडे त्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनवर होती. प्रेमचंदाला होडी पाठवून जे मिळत नव्हते ते पऱ्हाटीत उभ्या माणसाला मिळाले: मुंबईच्या सटोडियाच्या बरोबरीने, त्याच क्षणी. सटोडियाने त्याच क्षणी सौदा केला. पऱ्हाटीला तेव्हा बोंडेही धरायची होती. त्याच हंगामात हमीभावासाठी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी करायची होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ज्या गृहस्थांच्या बूथवर मी बसत असे, त्यांच्या मुलाचे त्याच जागी आता झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. नोंदणीच्या दिवसांत त्याच्याकडे तशीच रांग लागली होती.

माझ्या शेजारच्या कास्तकाराची नोंदणीही त्याच दुकानात झाली. दिवस मिळाला, त्या दिवशी भाड्याच्या गाडीत कापूस भरून तो खरेदी केंद्रावर गेला. दसऱ्याच्या आगेमागे पाऊस लागून राहिला होता. नियमाप्रमाणे ओलावा आठ टक्के हवा. बारापर्यंत भावात कपात करून घेतात, त्यावर नाही. यंत्राने चौदा दाखवला. वाळवून परत आणा, असे सांगण्यात आले. म्हणजे परत नेण्याचे भाडे, वाळत घालायला अंगण आणि पुन्हा आणण्याचे भाडे. त्याने गाडी तिथूनच रस्त्यापलीकडच्या खासगी जिनिंगमध्ये वळवली आणि व्यापारी म्हणेल त्या भावाने मोकळी केली. व्यापाऱ्याने पैसे तिथल्या तिथे त्याच्या फोनवर पाठवले. चकरा नाहीत, चुकाऱ्याची वाट नाही. तो फाटकाबाहेर येईपर्यंत रक्कम जमा झाल्याचा संदेश आला. त्याने तो मला दाखवला, मग बोटाने वर सरकवला. त्याच्या वरचा संदेश सकाळचा होता, आणि त्यात लिहिले होते: आजचा हमीभाव ८,११० रुपये.